खानापूर ते धारवाड खंडपीठ : मुलाखतीतल्या 9 गुणांची केस

ज्या सरकारी पैशावरच्या संस्थेनं मला मुलाखतीत नाकारलं, तिच्या वकिलांनी हायकोर्टात जे म्हणणं दाखल केलं, त्यात एक वाक्य होतं. निवड झालेली उमेदवारही अनुसूचित जमातीचीच आहे, सबब अर्जदारावर भेदभाव झाला असं म्हणताच येत नाही. ऐकायला बिनतोड वाटतं. माझी सगळी केस या एका वाक्याशी झगडण्यात गेली, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

मी सिद्दी आहे, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून आणलं गेलं. त्यातले बरेचसे पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम होते, तिथून निसटून ते घाटमाथ्यावरच्या जंगलात येऊन राहिले. आज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, कलघटगी आणि आमच्या खानापूरच्या रानात आमच्या वस्त्या आहेत. आमच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. माझी शाळा मराठी, बाजारहाट मराठी, कचेरीतलं सगळं कन्नड. बेळगावला कॉलेजात असताना मराठी पोरी विचारायच्या, "जंजिऱ्याचे सिद्दी ते तुम्हीच का गं?" त्यांना निदान नाव तरी ठाऊक असायचं. बाकीचे थेट "कुठल्या देशाची?" असंच विचारायचे. डमाम, म्हणजे आमचा ढोल, वाजवून नाचायला आम्हाला सरकारी कार्यक्रमांत हौसेनं बोलावतात. पाहुणे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. पण त्याच सरकारी इमारतीत खिडकीमागे बसलेली सिद्दी बाई मी लहानपणी कधी पाहिली नव्हती.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण तो त्या एकाच जिल्ह्यापुरता. माझी मामेबहीण हल्याळ तालुक्यातली, तिच्याकडे जमातीचा दाखला होता. आमच्या घरापासून तिचं घर काही तासांच्या पायवाटेवर, पण मधे जिल्ह्याची हद्द, म्हणून मला तो मिळत नव्हता. आजोबा एक, रक्त एक, तरी शिष्यवृत्तीच्या अर्जावर ती एका रकान्यात आणि मी दुसऱ्या. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा समावेश संसदेनं 2020 मध्ये केला. त्याच वर्षी शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, आमच्यातले पहिले आमदार. माझा दाखला तहसीलदार कचेरीतून हातात आला तेव्हा माझं बी. कॉम. होऊन गेलं होतं.

त्यानंतर ही जाहिरात आली. बेळगावातली एक संस्था, नोंदणी सोसायटी म्हणून झालेली, पण पैसा सरकारचा आणि नियामक मंडळावर अधिकारी सरकारचे. स्वागत कक्षात सहायक हवे होते, कंत्राटी. एक जागा अनुसूचित जमातीसाठी. पात्रतेत पदवी, संगणक, कन्नड लिहिता-बोलता येणं, आणि शेवटी एक ओळ : "आकर्षक व्यक्तिमत्त्व असणाऱ्यांना प्राधान्य". लेखी परीक्षा आणि मुलाखत, एवढंच छापलं होतं. मुलाखतीला किती गुण ते कुठेही नव्हतं. हे पुढे फार कामाला आलं.

लेखी परीक्षा मला चांगली गेली. मुलाखतीच्या खोलीत तिघं बसले होते. पहिला प्रश्न, "नीवु इल्लियवरेना?", इथल्याच का तुम्ही? मी कन्नडमध्ये गाव, तालुका, शाळा सगळं सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, केस असेच आहेत की केलेत? तिसरे वयानं मोठे होते, बोलायला मऊ. ते म्हणाले, "बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण समोरच्या खिडकीवर माणसाला बघताक्षणी बरं वाटलं पाहिजे. मागच्या बाजूला काही काम निघालं तर सांगू." कामाबद्दल एकही प्रश्न नाही. रांग कशी लावशील, नोंदवही कशी ठेवशील, चिडलेल्या माणसाशी कसं बोलशील, काहीच नाही. मी बाहेर आले तेव्हा पुढच्या उमेदवाराची फाईलसुद्धा अजून आत गेली नव्हती, इतक्या लवकर मला उठवलं होतं.

निवड झालेल्या मुलीची बेरीज 74, माझी 60. फळ्यावर तेवढंच. वडील म्हणाले, "जाऊ दे बाय, आपल्याला हे नवीन हाय काय?" त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रानात कामं केली आणि हे वाक्य गिळत आले. मला ते गिळता येईना. बेरजेच्या आत काय आहे ते मला बघायचं होतं.

माहिती अधिकाराचा अर्ज घातला. कर्नाटकात हा अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो. म्हणून मी राग, मुलाखत, केस, काही लिहिलं नाही. फक्त मागितलं : माझे लेखी गुण, माझे मुलाखतीचे गुण, मुलाखतीचे निकष, निवड समितीच्या बैठकीचं टिपण. 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि पोच घेतली. 30 दिवस उलटल्यावर उत्तर आलं की ही माहिती गोपनीय आहे. पहिलं अपील केलं. अपिलाच्या सुनावणीला अधिकाऱ्यानं फाईल उघडली, स्वतःच वाचली, आणि माझी माहिती मला देण्यात गोपनीय काय असा प्रश्न आपल्याच लिपिकाला केला. त्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

कागद हातात आला. लेखीत 60 पैकी 51, मुलाखतीत 40 पैकी 9. निवड झालेल्या मुलीचे लेखी 43 होते, मुलाखतीचे 31. तीन सदस्य, पण गुणांचा रकाना एकच. निकष नाहीत, शेरा नाही, टिपण नाही. 9 हा आकडा आणि खाली तीन सह्या.

संस्थेला मी लेखी तक्रार दिली. त्यावर हिंबरह आलं. आमच्या भागात सरकारी कचेरीनं अर्जाला दिलेल्या अधिकृत उत्तराला हाच शब्द चालतो, मराठी बोलणारेही हिंबरहच म्हणतात. त्यात लिहिलं होतं, निवड समितीचा निर्णय अंतिम आहे. मला वाटलं, संपलं. वकील मॅडमनी नंतर सांगितलं की उलट, आता सुरू झालं. तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही, या कागदाला देता येतं.

वकील मॅडम मला विधी सेवा प्राधिकरणातून मिळाल्या. कायदेशीर मदतीचा 1987 चा कायदा आहे, त्याच्या 12 व्या कलमात स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात जिल्ह्याचं कार्यालय आहे, आणि हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाची स्वतःची समिती आहे. 15100 हा फोन नंबर मी आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवलाय. मोफतचा वकील लक्ष देत नाही असं लोक म्हणतात. माझ्या मॅडम निपाणीच्या, मराठी छान बोलायच्या. त्यांनी पहिल्या भेटीत माझ्याकडून मुलाखतीतलं एकेक वाक्य लिहून घेतलं, मी रडले तेव्हा थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही आपण सिद्ध करू शकणार नाही. म्हणून आपण 9 या आकड्यावर उभं राहायचं."

माझ्या मनात अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा होता, 1989 चा. गावात सगळे तेच सांगत होते, केस ठोक. मॅडमनी समजावलं की अपमानाचं ते कलम लागायला तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. बंद खोलीच्या चार भिंतींतलं बोलणं त्यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2020 च्या हितेश वर्मा खटल्यात सांगितलंय. शिवाय त्या खोलीत माझ्या जमातीचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. केस आणि चेहरा, एवढंच. मला हे पचायला वेळ लागला. लोकांसमोर बोलले असते तर गुन्हा, आणि नोकरी देणारेच दार लावून बोलले तर नाही! अजूनही मला हे बरोबर वाटत नाही.

मग संविधानाच्या 226 व्या कलमाखाली रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात अर्ज. धारवाडला 2008 मध्ये कर्नाटक हायकोर्टाचं फिरतं खंडपीठ आलं, 2013 मध्ये ते कायम झालं. त्याआधी आमच्याकडच्या माणसाला हायकोर्ट म्हणजे बेंगळूर, एक रात्र जायला, एक रात्र यायला, वर लॉजचं भाडं. आता सकाळच्या बसनं निघून कित्तूरवरून जाता येतं आणि संध्याकाळी घरी. 2023 च्या जूनपासून बायकांना सरकारी बसमध्ये शून्य तिकीट, म्हणजे फुकट प्रवास आहे, आधार कार्ड दाखवलं की झालं. मी हे मुद्दाम लिहितेय. कोर्टाची पायरी चढण्याच्या निर्णयात बसभाडं केवढं मोठं असतं हे ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना कळत नाही.

याचिकेत प्रतिवादी कोण, इथे मी अडले. सरकार, संस्था, आणि तिसरी ती निवड झालेली मुलगी. मॅडम म्हणाल्या, तिला पक्षकार केल्याशिवाय कोर्ट ऐकणारच नाही, कारण निकालाचा परिणाम तिच्यावर होणार. मला ते नको होतं. ती गोकाकच्या बाजूची, नायक समाजाची, तीही घरातली पहिली पदवीधर. नोटीस मिळाल्यावर ती वडिलांना घेऊन धारवाडला आली. कोर्टाच्या कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, माझी नोकरी जाणार का?" मी तिला याचिकेचं शेवटचं पान उघडून दाखवलं. तिची निवड रद्द करा असं आम्ही मागितलंच नव्हतं. माझी मुलाखत पुन्हा घ्या आणि मला रिकाम्या जागेवर विचारात घ्या, एवढंच. तिच्या वडिलांनी ते पान दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी आम्हा दोघींना चहा सांगितला. त्या दिवसापासून आमचं बोलणं आहे. समोरच्यांना आमच्यात भांडण लागलेलं हवं होतं, कारण त्यांचा सगळा बचाव तिच्या नावावर उभा होता.

आता ते वाक्य. तीही जमातीची, मग भेदभाव कसला? मॅडमचं उत्तर मला पाठ झालंय. कलम 16(2) सरकारी नोकरीत कशाच्या आधारावर भेद करता येणार नाही याची यादी देतं : धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास. वंश आणि जात वेगवेगळी सांगितली आहेत. आरक्षणाची जागा जमातीच्या माणसाला दिली म्हणून जमातीतल्या एकीला तिच्या वंशामुळे, चेहऱ्या-केसांमुळे बाजूला सारायची मुभा मिळत नाही. दोघी एकाच रकान्यात असल्या तरी खिडकीसमोरच्या माणसाला एक "इथली" दिसते आणि दुसरी "परदेशी". माझ्याशी जे झालं ते नेमकं त्या फरकावर झालं.

आपल्याकडे वंशभेदावरचे निकाल थोडे आहेत. मॅडमनी कर्मा दोरजी खटला काढला, 2016 चा. ईशान्येकडच्या लोकांना दिल्लीसारख्या शहरांत जे सोसावं लागतं त्यावर सुप्रीम कोर्टानं देखरेख समिती नेमायला सांगितली होती. वंशभेद संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार 1965 चा, भारतानं 1968 मध्येच मान्य केलेला, त्यात नोकरीचा हक्क आहे. आणि 2021 चा नितिशा खटला, लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांचा. त्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की अट वरून सगळ्यांना सारखी दिसली तरी तिचा मारा एकाच गटावर पडत असेल तर तोही भेदभावच. तिथे अमेरिकेतल्या 1971 च्या ग्रिग्ज खटल्याचा आधार घेतलाय. उत्तर कॅरोलायनातल्या वीज कंपनीत काळ्या कामगारांना वर्षानुवर्षं फक्त मजुरी विभागात ठेवलं होतं. 1964 चा नागरी हक्क कायदा आल्यावर कंपनीनं मजुरी विभागातून वरच्या कामांत जायला हायस्कूल प्रमाणपत्राची, आणि नव्यानं येणाऱ्यांना चाचण्यांचीही अट लावली. त्या अटींचा कामाशी संबंध दाखवता आला नाही म्हणून त्या टिकल्या नाहीत. मी हा भाग बसमध्ये मोबाईलवर पुन्हा पुन्हा वाचला. "मागच्या बाजूला काही काम निघालं तर सांगू" हे वाक्य मला तिथेच भेटलं, हजारो मैलांवर, माझ्या जन्माच्या किती आधी.

समोरच्यांचा दुसरा मुद्दा जड होता. मुलाखतीला हजर राहून, नापास झाल्यावर तिच्या पद्धतीवर बोट ठेवता येत नाही, असे निकाल खरोखरच आहेत. इथे जाहिरात उपयोगी पडली. 40 गुण मुलाखतीला आहेत हे जाहिरातीत नव्हतंच, मग मी ते मान्य करून गेले असं कसं म्हणता येईल? त्यावर मॅडमनी 1981 चा अजय हसिया खटला मांडला, आणि त्याचे दोन उपयोग केले. एक, सरकारच्या पैशावर आणि ताब्यात चालणारी सोसायटी ही संविधानाच्या दृष्टीनं सरकारच. दोन, तोंडी परीक्षेला एक तृतीयांश गुण ठेवणं मनमानी. त्या निकालात तर कोर्टानं मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या तर बरं, असंही सुचवलंय. तो खटला कॉलेज प्रवेशाचा होता, नोकरीचा नव्हे, हे संस्थेच्या वकिलांनी लगेच दाखवून दिलं, आणि त्यात तथ्य होतं.

सुनावण्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आदल्या संध्याकाळी मोबाईलवर यादी बघायची, आपला क्रमांक शोधायचा, जायचं, आणि बऱ्याचदा नंबर येईपर्यंत दिवस मावळायचा. तारीख, म्हणणं दाखल करायला वेळ, परत तारीख. एका सुनावणीत न्यायमूर्तींनी संस्थेच्या वकिलांना विचारलं, या उमेदवाराला कामाविषयी कोणते प्रश्न विचारले ते दाखवा. टिपण नव्हतं. मग 9 कशाचे, असं विचारलं. त्यालाही उत्तर नव्हतं. मी मागच्या बाकावर उभी होते. पहिल्यांदाच कुणीतरी तो प्रश्न माझ्याऐवजी त्यांना विचारला होता.

निकाल माझ्या बाजूनं लागला. हिंबरह रद्द. माझी मुलाखत आठ आठवड्यांत नव्या समितीसमोर, निकष आधी लेखी ठरवून, चित्रीकरणासह. "आकर्षक व्यक्तिमत्त्व" या अटीचा कामाशी संबंध दिसत नाही आणि ती 16(2) च्या कसोटीवर टिकणं अवघड, असं आदेशात लिहिलं. तिसऱ्या प्रतिवादीच्या नेमणुकीला धक्का नाही. पण मुलाखतीच्या खोलीत नेमकं काय बोललं गेलं, हा वादाचा प्रश्न आहे, पुरावे तपासल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि रिट याचिकेत ते काम कोर्ट करत नाही, असंही लिहिलं. म्हणजे त्या तिघांनी मला माझ्या वंशामुळे नाकारलं असं कोर्टानं म्हटलेलं नाही. मी जिंकले, आणि माझ्याशी काय झालं ते निकालात नाही.

लोक म्हणतात, नोकरी मिळाली ना, मग काय? मला ते पुरत नाही. न्यायमूर्तींबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी कायद्याच्या हद्दीत जे करता आलं ते केलं. पण ती खोली बंद ठेवणारे, टिपण न ठेवणारे, तेच पुराव्याचा अभाव निर्माण करतात आणि त्याचाच फायदा त्यांना मिळतो, हे मला मान्य नाही. सरकारी पैशावरच्या प्रत्येक मुलाखतीचं चित्रीकरण सक्तीचं हवं. मोबाईल नाही असा अधिकारी आज कुठे आहे?

संस्था अपिलात जाईल अशी भीती होती, हायकोर्टातच दोन न्यायमूर्तींपुढे तसं अपील करता येतं. ते गेले नाहीत. नव्या मुलाखतीत मला विचारलं, एकाच वेळी कन्नड फॉर्म भरायला येत नसलेला मराठी म्हातारा आणि घाईत असलेला अधिकारी समोर आले तर काय करशील. असे प्रश्न असले की बोलायला काय लागतं? 40 पैकी 33 मिळाले. मी आता खिडकीवर बसते. अकरा महिन्यांचं कंत्राट आहे, नूतनीकरण त्यांच्या हातात. कंत्राटी माणसाला कायम करा असा हक्क नाही हे कर्नाटकाच्याच उमादेवी खटल्यात 2006 मध्ये ठरलंय, तेव्हा दर वर्षी धाकधूक आहेच.

आता मामेबहिणीचं चाललंय, हल्याळच्या. बेळगावात एका मोठ्या कपड्याच्या दुकानात "विक्रेत्या मुली पाहिजेत" असा बोर्ड होता. ती आत गेली, मालकानं वर-खाली बघितलं आणि जागा भरली म्हणाला. दुसऱ्या दिवशी बोर्ड तिथेच. खासगी दुकानाला 16(2) लागत नाही. संविधानाच्या 15(2) मुळे तिला गिऱ्हाईक म्हणून तिथे अडवता येत नाही, पण त्याच दुकानात नोकरी नाकारताना कारण सांगायचं बंधन मालकावर नाही. वंशावरून नोकरी नाकारू नये असं खासगी मालकाला सरळ सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही, आणि तो व्हायला हवा. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2016 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत, इतरांना खुल्या असलेल्या नोकरीपासून जमातीच्या माणसाला अडवणं हा गुन्हा धरलाय. तो इथे बसतो का, मालकाचा हेतू कसा दाखवायचा, हे मॅडमना विचारायचंय. बोर्डाचे दोन दिवसांचे फोटो तिनं तारीख-वेळेसकट काढून ठेवलेत. येत्या गुरुवारी मी रजा टाकलीय, आम्ही दोघी ते घेऊन धारवाडला जातोय.